बॉनेटखाली वॉशर सारून टर्बो गार होत नसतो

काल रात्री मावसभावाचा मेसेज, 'दादा जाड वॉशर आहेत का तुझ्याकडे, सात-आठ लागतील'. कशाला रे, म्हणून विचारलं तर त्याने तो सगळीकडे फिरतोय तोच फॉरवर्ड पाठवला, 'टर्बो गाडीच्या इंजिन बेची गरमी फुकटात निम्मी करा' (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, इंजिन बे म्हणजे बॉनेटखालची इंजिनाची जागा). त्यात काय तर बॉनेट वॉशर सारून मागून उचला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, अंडरट्रे म्हणजे इंजिनाखालचं झाकण काढा, एक्झॉस्टला सगळीकडे रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळा आणि गाडी रगडून आणल्यावर लगेच बंद करून टर्बोवर गार पाणी मारा. आधी दोनदा वाचून सोडून दिलं होतं, पण आता हा पोरगा पाण्याची बाटली घेऊन बॉनेटपाशी उभा राहणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

शेवटच्या मुद्द्यापासूनच धरतो, कारण तोच सगळ्यात घातक आहे. पेट्रोल टर्बोत फुल लोडला टर्बाइनमध्ये (टर्बोचा एक्झॉस्टकडचा भाग) शिरणारा गॅस ९०० ते १००० डिग्रीच्या आसपास असतो, त्याचं हाउसिंग, म्हणजे कवच, बहुतेक बिडाचं, अंधारात बघितलंत तर चक्क लाल दिसतं. त्यावर गार पाणी? तापलेला बिडाचा तवा नळाखाली धरला तर काय होतं ते ज्याने एकदा केलंय त्याला विचारा. वर 'लगेच बंद करा'! अहो इंजिन बंद झालं की तेलाचा पंप थांबला, मग बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल तिथल्या तिथे जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून तर बऱ्याच टर्बोंच्या मधल्या भागातून कूलंट फिरवलेलं असतं, गाडी बंद केल्यावरही तापलेलं कूलंट आपोआप वर चढून फिरत राहतं, काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो. तुम्ही फक्त शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्ट न देता, म्हणजे टर्बोवर जोर न टाकता, निवांत या, झालं.

आता वॉशर. बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वॉशर सारले की मागे काचेपाशी फट पडते आणि गरम हवा तिथून बाहेर जाते, असं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं, पण गाडी वेगात असताना हवा पुढच्या काचेवर आपटून अडते, त्यामुळे काचेच्या बुडाशी दाब जास्त असतो. म्हणूनच केबिनची हवा तिथून आत घेतात! १९६९ च्या शेव्हरोले कमॅरोला काऊल इंडक्शन बॉनेट मिळायचं, त्याचं तोंड मागे काचेकडे होतं, इंजिनला हवा आत घ्यायला. म्हणजे ज्या फटीतून हे गरमी बाहेर काढणार त्याच जागेतून त्या लोकांनी हवा आत ओढली. बरं, इंजिन बेमधला दाब वाढला की रेडिएटरमधून हवा कमी जाते, कारण पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावरच ती जाते. खोटं वाटत असेल तर लोकरीचे धागे चिकटवा त्या फटीवर, मागून दुसऱ्या गाडीतून शूटिंग घ्या, धागे कुठे वळतात बघा. हां, गाडी उभी असताना गरम हवा वर चढून तिथून निघते, तेवढं खरं आहे. असल्या उपायांच्या व्हिडिओत थर्मामीटर दाखवतात तो उभ्या गाडीतच. गरमी खरंच बाहेर काढायची तर व्हेंट रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात हवेत, आणि त्यासाठी पत्रा कापावा लागतो, वॉशरवर भागत नाही.

रॅपचं मात्र मान्य करावं लागेल, नाइलाज आहे. किरणांनी बाहेर पडणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घातावर चालते (केल्विनमध्ये मोजायचं), म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग ८०० डिग्रीवरून ५०० वर आणला तरी ती जवळजवळ पाव होते. सगळी गंमत इथेच आहे, गरमी जिथून निघते तिथेच अडवायची. पण 'सगळीकडे' नाही हो! टर्बाइनला ब्लँकेट, डाउनपाइपला (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) रॅप, कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूला काही नाही. रॅप ओल धरून ठेवतो, त्याखाली पाइप गंजतो, आणि त्यात तेल झिरपलं तर आग लागते. त्यापेक्षा मध्ये हवेची फट सोडलेलं पत्र्याचं हीट शील्ड मला जास्त आवडतं. १९९२ च्या मॅक्लारेन एफ१ मध्ये तर इंजिन बेला सोन्याचा वर्ख लावला होता, टर्बो नसताना! सोनं उष्णतेचे किरण परत फेकतं म्हणून.

बाकीचं पटकन. थर्मोस्टॅट काढला की साध्या चालवण्यात इंजिन गारच राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्तीचं पेट्रोल ओतत बसतो, आणि फुल लोडला रेडिएटर तोच, मग फरक काय पडला? साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं हे खरं, पण उकळतं लवकर आणि ॲल्युमिनियम खातं. अंडरट्रे काढल्यावर बऱ्याच गाड्यांत खालची हवा इंजिन बेमध्ये घुसून घोळ घालते.

एवढं सगळं लिहून पाठवलं तोवर मावसभावाने कुठून तरी वॉशर आणून बसवलेसुद्धा होते. आता काढायला लावलेत. त्यातला एक सटकून खाली अंडरट्रेमध्ये पडलाय, त्यामुळे मेसेजमधला तेवढा एक मुद्दा उद्या सकाळी मलाच करावा लागणार आहे.