त्या ‘तीन लाइनी टाका’वाल्या फॉरवर्डबद्दल

"कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट नको. काळ्या स्क्रीनवर या तीन लाइनी टाका, ग्रुप पॉलिसी डिफॉल्टला जाते, सगळे व्हायरस निघतात, स्पीड डबल होतो, ऑफिसचं लॉकपण उघडतं, कशालाही धक्का नाही." (ग्रुप पॉलिसी म्हणजे विंडोजमध्ये काय चालू, काय बंद ते ठरवणारे नियम.) महिनाभर हे फिरतंय, मी सोडून देत होतो, पण शुक्रवारी मुलुंडहून मामाचा फोन, "अरे टाकल्या मी! मस्त झालं, पेनड्राइव्हपण चालायला लागला!"

अरे मामा, तो पेनड्राइव्ह मीच बंद ठेवला होता! सोसायटीच्या मेंटेनन्सचे हिशेब त्या कॉम्प्युटरवर, आणि झेरॉक्सवाल्याकडे फिरून आलेला कुणाचाही पेनड्राइव्ह त्यात घुसायचा, एकदा शॉर्टकट व्हायरसने सगळे फोल्डर दिसेनासे केले तेव्हा पॉलिसी लावून बंद केलं. पहिल्या लाइनीने विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधलं, हे नियम जिथे साठतात ते ग्रुपपॉलिसी फोल्डरच उडवलं, त्यात तेही गेलं. कुलूप तोडलं आणि म्हणे दार दुरुस्त झालं.

व्हायरसचं म्हणाल तर अर्धी गोष्ट खरी आहे, मान्य. काही व्हायरस टास्क मॅनेजर, रजिस्ट्री एडिटर (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगचा साठा) बंद करतात आणि ते पॉलिसीच्याच नावाने करतात. पण ते थेट रजिस्ट्रीत लिहितात, फोल्डर उडवून ते हलत नाही, आणि खुद्द व्हायरस तर मजेत बसलेला असतो.

दुसरी लाइन, सेकएडिट या सिक्युरिटी सेटिंगच्या कमांडची, ही खरी घातक. ती डेफल्टबेस नावाच्या फाइलमधून सिक्युरिटी सेटिंग परत भरते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट लेखात आहे की या फाइलने आता सगळी मूळ सेटिंग परत येत नाहीत आणि एकदा लागलं की बॅकअपशिवाय मागे फिरता येत नाही. आणि मेसेजवाला म्हणतो कशालाही धक्का नाही! बॅकअप घ्या एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं?

ऑफिसचं लॉक? डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला, जोडलेल्या मशीनवर पॉलिसी सर्व्हरवरून येते, दर साधारण ९० मिनिटांनी, वर आणखी ० ते ३० मिनिटं. ठाण्याहून स्लो लोकलने सीएसएमटीला जाऊन परत येईस्तोवर सगळं जागच्या जागी, वर आयटीवाल्यांचा फोन. तिसरी लाइन, जीपीअपडेटची, बिचारी निरुपद्रवी, फक्त पॉलिसी पुन्हा लागू करते. स्पीड डबल वगैरेवर मी बोलतच नाही.

खरंच डिफॉल्टला न्यायचं असेल तर आधी ते ग्रुपपॉलिसी फोल्डर कॉपी करून ठेवा, मग जीपीएडिट (ग्रुप पॉलिसी बदलायचं विंडोजचं टूल) उघडून अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सखाली 'ऑल सेटिंग्ज' घ्या, 'स्टेट'च्या कॉलमवर क्लिक केलं की बदललेल्या एकत्र येतात, त्यातली नको ती 'नॉट कॉन्फिगर्ड' करा. होम एडिशनमध्ये जीपीएडिट नसतंच, तिथे शोधत बसू नका.

रविवारी जाऊन पेनड्राइव्हची पॉलिसी परत लावली. रात्री मामाचा मेसेज, "पेनड्राइव्ह पुन्हा बंद पडला, त्या तीन लाइनी परत टाकू का?"