पिशवीभर बिलं, तीही सप्टेंबरात

दरवर्षी तेच! टॅक्स ऑडिटचा, म्हणजे धंद्याच्या हिशोबांच्या तपासणीचा, रिपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा असतो हे एप्रिलपासून कानीकपाळी ओरडतेय, आणि आमचे एक क्लायंट गणपती विसर्जन झाल्यावर कापडी पिशवी टेबलावर ठेवून जातात. "सगळं आहे बघा यात, मॅडम."

काय असतं त्यात? पेट्रोल पंपाच्या पावत्या, गाडीत उन्हानं पांढऱ्याफटक पडलेल्या. रक्कम दिसावी म्हणून मी एकेक पावती खिडकीशी तिरकी धरून बघते. खरेदीची बिलं आहेत, पण जीएसटी नंबर नेमका स्टेपलरच्या पिनेपाशी फाटलेला. बँक स्टेटमेंट म्हणजे व्हॉट्सॲपवर स्क्रीनचे फोटो, त्यात अख्खा ऑगस्ट गायब.

रोखीचं तर विचारूच नका. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च सहसा मान्य होत नाही. किती वेळा सांगायचं? तरी व्हाउचर २५,०००चं, तेही बिनसहीचं. वर म्हणे, "करा ना काहीतरी ॲडजस्ट." काय ॲडजस्ट करू? रिपोर्टवर सही आमच्या सीए सरांची असते!

दर महिन्याला बिलं तारखेनं फाइलला लावा हो, एवढंच मागतेय. सप्टेंबरभर मी घरी पोहोचते तेव्हा लेक झोपलेली असते.