‘मागच्या टायरमध्ये पाणी भरले की झाले’ या दाव्याबद्दल

ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलणारी हातांवरची बकेट, बसवणाऱ्यांसाठी एक मजकूर सध्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की तोल राखण्यासाठी मागे सिमेंटचा जड ठोकळा लावायला सांगणे हा विक्रेत्यांचा पैसे काढण्याचा प्रकार आहे; मागच्या टायरमध्ये पाणी भरले की भागते; जेसीबीला कोणी मागे वजन लावत नाही; फोर व्हील ड्राइव्ह असेल तर प्रश्नच नाही; आणि ठोकळ्याने लिफ्ट, म्हणजे मागची अवजारे उचलणारी यंत्रणा, खराब होऊन डिझेलही जास्त जळते. माझ्याकडे लोडर लावलेला ट्रॅक्टर आहे आणि पहिला हंगाम मीही ठोकळ्याविना काढला आहे, म्हणून यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

हा मजकूर चटकन पटतो, कारण आपला आजवरचा अनुभव उलटा आहे. उसाची भरलेली ट्रॉली चढाला ओढताना ट्रॅक्टर पुढून उठतो, म्हणून आपण पुढच्या बंपरला वजने टांगतो, आणि साहजिकच ‘वजन पुढे हवे’ हे डोक्यात पक्के बसते. लोडरच्या कामात मात्र बकेटमधील ओझे पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकत असते, त्यामुळे पुढचा ॲक्सल हा टेकू होतो आणि उठू पाहतो तो मागचा भाग. अशा वेळी पुढची जुनी वजने तशीच ठेवणे म्हणजे आधीच ओझ्याखाली असलेल्या ॲक्सलवर आणखी बोजा टाकणे होय. लोडर बसवताना ती काढून ठेवायची असतात.

आता पाण्याचा मुद्दा, जो सर्वांत जास्त पुढे पाठवला जातो आणि ज्यात अर्धे सत्य आहे. लोडर बसवलेल्या, रिकाम्या बकेटच्या ट्रॅक्टरचे वजन 2450 किलो असून त्यातील 1300 किलो पुढे आणि 1150 किलो मागे आहे, दोन ॲक्सलमधील अंतर 2 मीटर आहे आणि बकेटमध्ये 700 किलो मुरूम पुढच्या ॲक्सलपासून दीड मीटर पुढे आहे, असे धरू. तरफेच्या हिशेबाने मागच्या चाकांवरचे 525 किलो कमी होतात आणि तेथे 625 किलोच उरतात, तर पुढचा भार 2525 किलो होतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक अरुंद टायरवर साडेबाराशे किलोंहून अधिक. मागच्या दोन टायरमध्ये मिळून 400 लिटर पाणी भरले, तर मागचा भार 1025 किलो होतो हे खरे. पण पाण्याचे वजन मागच्या ॲक्सलवरच पडत असल्याने पुढचा भार 2525 वरून एक किलोनेही हलत नाही. तेच 400 किलो मागच्या ॲक्सलच्या पाऊण मीटर मागे, लिफ्टच्या हातांवर टांगले, तर मागे 550 किलो वाढून 1175 होतात आणि पुढचे 150 किलो उतरतात. किंगपिन, बुश आणि हबचे बेअरिंग हे पुढच्या चाकांचे झिजणारे भाग जे वाचतात ते या उतरलेल्या वजनामुळे. पाण्याला माझा विरोध नाही. ते खालच्या पातळीवर राहते, त्यामुळे ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याविरुद्ध त्याचा उपयोग होतो, आणि व्हॉल्व्ह वर ठेवून सुमारे 75 टक्के टायर भरणे केव्हाही चांगले. पण ते ठोकळ्याच्या जोडीला हवे; त्याच्या जागी ते चालत नाही.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. पुढचा ॲक्सल मध्यावर एका पिनवर झुलता असतो, त्यामुळे ट्रॅक्टर प्रत्यक्षात चार कोपऱ्यांवर नव्हे, तर मागची दोन चाके आणि ती पिन अशा त्रिकोणावर तोललेला असतो. वजन पुढे सरकते तसतसे ते या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जाते आणि जरा उतार किंवा खड्डा आला तरी ट्रॅक्टर बाजूला जायला तयार होतो. गोठ्यासमोरच्या उतारावर मुरूम पसरताना मी बकेट छातीएवढी उंच ठेवून वळलो, तेव्हा वरच्या बाजूचे मागचे चाक वीतभर उचलले गेले आणि हवेतच फिरू लागले. इंजिनचा आवाज बदलला म्हणून माझे लक्ष गेले; बकेट झटकन खाली सोडली आणि चाक धपकन टेकले. तेव्हा ब्रेक दाबूनही फारसा उपयोग झाला नसता, कारण आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात, आणि ज्या चाकावर भार नाही ते थांबवले तरी ट्रॅक्टर थांबत नाही.

जेसीबीचे उदाहरण तर मजकुराच्याच विरोधात जाते. गावात येणारा जेसीबी म्हणजे बॅकहो लोडर; त्याच्या मागे खोदायचा भलामोठा हात, त्याची बकेट आणि सिलिंडर मागच्या ॲक्सलच्या बाहेर घडी घालून टांगलेले असतात. पुढच्या बकेटचा समतोल तोच साधतो. त्याला मागे वजन लावत नाहीत, कारण ते कारखान्यातूनच लावून येते. शिवाय सात-साडेसात टनांचे यंत्र आणि आपला दोन टनांचा ट्रॅक्टर यांची तुलना मुळातच जुळत नाही.

फोर व्हील ड्राइव्हमुळे पुढची चाके ओढतात आणि चारही चाके जोडलेली असताना ब्रेकचा परिणाम पुढेही पोहोचतो, एवढे मान्य केले पाहिजे. परंतु वजनाची विभागणी त्याने बदलत नाही. उलट त्या पुढच्या ॲक्सलमध्ये गिअर आणि सील असल्याने जास्तीच्या भाराने झिजणारा भाग अधिक महाग असतो.

लिफ्टची आणि डिझेलची भीती निराधार आहे. 45 ते 50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट साधारण दीड टन किंवा त्याहून जास्त उचलते, तिला 400 किलो जड नाहीत. डिझेल थोडे वाढत असेलही, पण हलकी झालेली मागची चाके ढिगाऱ्यात जागच्या जागी घसरतात तेव्हा जळणारे डिझेल कोणी मोजत नाही.

‘आम्ही दहा वर्षे वजनाविना चालवतो’ असे सांगणारे बहुधा शेणखत भरत असतात. त्याच बकेटमध्ये मुरूम घेतला, की ओझे जवळजवळ दुप्पट होते, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण बकेट दोन्ही वेळा शिगोशीगच दिसते. काही जण दोन पोरांना मागे हुकवर उभे करतात. दोघे मिळून सव्वाशे किलो भरतात आणि ट्रॅक्टर कलंडला तर पहिले तेच सापडतात, म्हणून यावर अधिक लिहीत नाही. रोटाव्हेटर मागे ठेवणे त्यामानाने बरे, वजन पुरेसे असते. पण तो रुंद असल्याने मागे वळताना भिंतीला लागतो आणि पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, चुकून सुरू राहिला तर धोका वेगळाच.

पैसे उकळण्याच्या आरोपाबद्दल एवढेच सांगतो, की ठोकळा विकत घ्यावाच लागतो असे नाही. मी 200 लिटरचे रिकामे पिंप घेतले, त्यातून आरपार लोखंडी दांडा घालून त्याची दोन्ही टोके लिफ्टच्या खालच्या हातांच्या छिद्रांत बसतील अशी ठेवली, वर टॉप लिंकसाठी (लिफ्टच्या वरच्या जोडदांड्यासाठी) दोन कान वेल्ड करून घेतले आणि सुमारे 80 टक्के भाग काँक्रीटने भरला. काँक्रीट घनमीटरला 2400 किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे हे पिंप 400 किलोंच्या जवळ जाते. सिमेंट एक पोते लागले. आत किती लोखंड जाते यावर थोडा फरक पडतो, म्हणून गावाजवळच्या वजनकाट्यावर मागची चाके तेवढी चढवून, भरलेली बकेट जमिनीला न टेकवता खालच्या पातळीवर ठेवून, एकदा मागचा भार बघून घेतला. काम करताना ठोकळा जमिनीपासून फूटभर वर ठेवतो आणि लिफ्टच्या साखळ्या ताणून घेतो, नाहीतर तो वळणावर झोके खातो. पेरणीच्या दिवसांत लोडरबरोबर तोही उतरतो, कारण शेतात विनाकारण माती दाबून घ्यायची नसते, आणि मग गोठ्याच्या कडेला दोन लाकडी ओंडक्यांवर उभा राहतो. ओंडके नसले तर दांड्याची टोके खाली जातात आणि पुढच्या वेळी हात बसवायला पहार लागते.