कोडिंग राउंडला आधी हात आवरा
सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत समोरच्यासमोर कोड लिहायला लावतात, तो कोडिंग राउंड. त्यात पोरं आपटतात ती बहुतेकदा अल्गोरिदम (प्रश्न सोडवायची पद्धत) येत नाही म्हणून नव्हे, तर प्रश्न वाचून होतो न होतो तोच कीबोर्डवर तुटून पडतात म्हणून. (रोजच्या कामात हे सगळं कितीसं लागतं, हा वाद खरा आहे, पण राउंड द्यावाच लागतो.) ४५ मिनिटांतून ओळखपाळख आणि शेवटचं 'तुम्हाला काही विचारायचंय का' वजा केलं की हातात ३५ उरतात. त्यातली पहिली पाच फक्त विचारायला ठेवा.

घासून गुळगुळीत झालेला प्रश्न घ्या: यादीतल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? यादी सॉर्टेड, म्हणजे क्रमाने लावलेली, आहे का? तोच आकडा दोनदा येतो का? जोडीच नसेल तर काय रिटर्न करायचं? आणि यादी केवढी? या शेवटच्या प्रश्नावर सगळं ठरतं. शंभर आकडे असतील तर लूपमध्ये लूप खुशाल चालवा, म्हणजे प्रत्येक आकडा बाकी प्रत्येकाशी जोडून बघा. एक लाख असतील तर जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया धरा, ५० सेकंद गेले. म्हणजे हॅशमॅप: आकडे साठवायची अशी जागा, जिथे एखादा आकडा आहे का ते लगेच कळतं. सॉर्टेड असेल तर तोही नको, दोन्ही टोकांकडून एकेक पॉइंटर (जागा दाखवणारी खूण) आत सरकवत आणा.

हॅशमॅप पाठ असलेल्यांची विकेट इथेच पडते. ते आधी सगळे आकडे मॅपमध्ये भरतात आणि मग जोडीदार शोधतात. यादी ५, १, ९ आणि बेरीज १० असेल तर कोड ५ उचलतो, त्याला जोडीला ५ हवा असतो, आणि मॅपमध्ये तो स्वतःलाच सापडतो! खरी जोडी १ आणि ९. प्रत्येक आकड्याचा आधी जोडीदार शोधा, मग तो आकडा भरा, एवढंच.

इंटरव्ह्यूअर 'नक्की का?' म्हणाला तर वाद घालू नका, बहुतेक वेळा ती हिंट असते. शेअर्ड एडिटरमध्ये (दोघांनाही दिसणाऱ्या कोड लिहायच्या पानावर) रन बटण असेलच असं नाही, म्हणून शेवटची सात-आठ मिनिटं ड्राय रनला, म्हणजे कोड हातानेच पायरीपायरीने तपासायला, राखून ठेवा. कमेंटमध्ये तीन रकाने करा: आकडा, हवा असलेला जोडीदार, मॅपमध्ये आत्ता काय आहे. त्याच ५, १, ९ च्या यादीची पहिली ओळ: ५, ५, रिकामा. दुसरी: १, ९, मॅपमध्ये ५. तिसरी: ९, १, मॅपमध्ये ५ आणि १. सापडला.