सायीतला चिकन खिमा: काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री आली. उत्तराला रविवार उजाडला, कारण काही लिहिण्याआधी तुम्ही केलात तसाच खिमा मला एकदा स्वतःच्या हाताने करून पाहायचा होता. काल दुपारी तो केला.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहिते. एकाच कढईत होणारा, भाज्या घातलेला, सायीतला चिकन खिमा ३० मिनिटांत तयार होतो असं मी लिहिलं होतं. तुम्हाला सव्वा तास लागला. खिम्याला पाणी सुटलं, ते आटेपर्यंत गोळे झाले, गोळे चावताना रबरासारखे लागले आणि शेवटी साय घातली तर ती फाटून वर तेल तरंगायला लागलं. चाळीस वर्षं मटणाचा खिमा करणाऱ्या तुमच्या हातचं घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. 'मटार सोडून खिम्यात भाज्या घालत नाहीत, आणि चिकनचा तो खिमाच नव्हे. घाई असेल तर सरळ पिठलं टाकावं,' असं तुम्ही शेवटी लिहिलंत.

तुम्ही नुसतं 'जमलं नाही' म्हणून थांबला नाहीत, काय काय केलं ते सगळं सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. खिमा तीन पाण्यांनी धुतला. हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवला. रस्सा हवा म्हणून दोन टोमॅटो घातले. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवला. साय चार दिवसांची साठवलेली होती. काल मी अगदी हेच केलं. मलाही तासाहून जास्त वेळ लागला, गोळे झाले, साय फाटली. म्हणजे तुमचा हात चुकलेला नाही. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी मटणाच्या खिम्याला बरोबर आहे आणि ती इथे करू नका असं माझ्या कृतीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. 'खिमा घ्या' एवढंच लिहिलं तर आपल्या घरांत तो आधी धुतला जाणार, हे मला कळायला हवं होतं. तो दोष माझा.

आता पाण्याचं सांगते, कारण तुमचा वेळ, गोळे आणि रबर या तिन्हींच्या मुळाशी पाणीच आहे. काल ५०० ग्रॅम खिमा धुतला, चाळणीत पाच मिनिटं निथळला आणि पुन्हा वजन केलं. ५९० ग्रॅम भरला. वरचं ९० ग्रॅम नुसतं पाणी. अख्ख्या तुकड्यावरून पाणी वाहून जातं, पण खिम्याच्या कणाकणांत ते अडकून बसतं. त्यात कोंबडीच्या मांसात मुळातच सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तापलं की तेही बाहेर येतं. माझ्या मोठ्या बर्नरवर एक वाटी पाणी पूर्ण आटायला सहा-सात मिनिटं लागतात. तुमच्या कढईत धुण्याचं पाणी, मांसाचं पाणी, टोमॅटोचं पाणी असं सगळं एकत्र आलं आणि वर झाकण. ते आटणार कधी?

शिवाय कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. मांसाला खरपूस रंग आणि तो भूक चाळवणारा वास यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे पाण्यात बसलेला खिमा उकडतो, परतला जात नाही. मग चव आणायला आपण मसाला वाढवतो आणि तरी काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं.

धुण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो स्वच्छतेचा प्रश्न आहे आणि माझी आईही यावर माझ्याशी वाद घालते. धुतल्याने कच्च्या कोंबडीवरचे जंतू जात नाहीत. ते उष्णतेनेच मरतात. धुताना उडालेले शिंतोडे मात्र सिंकवर, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर पडतात. तरी मन मानत नसेल तर चिकनवाल्याकडून अख्खे बोनलेस तुकडे आणा, ते धुऊन फडक्याने अगदी कोरडे करा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. त्यानंतर ओटा आणि सिंक साबणाने धुवा. मी मात्र दुकानातच डोळ्यांसमोर खिमा करून घेते आणि त्याच दिवशी शिजवते. सांगताना 'तंगडीचं मांस जास्त घाला' असं सांगते. नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा दिसायला छान पांढरा असतो, पण त्यात चरबी कमी, त्यामुळे तो लवकर कोरडा पडतो.

गोळ्यांना दुसरंही कारण आहे, मीठ. मीठ लावून मुरवलेल्या खिम्यातली प्रथिनं विरघळून चिकट होतात आणि कण एकमेकांना धरून बसतात. सीख कबाबाला नेमकं तेच हवं असतं, नाहीतर तो सळईवरून गळून पडेल. इथे आपल्याला मोकळा खिमा हवा, म्हणून मीठ परतून झाल्यावर. हळद आणि आलं-लसूण तेलात घालायचं, मांसाला लावायचं नाही. फ्रीजमधला खिमा असेल तर कांदा चिरेपर्यंत ताटात पसरून ठेवायचा आणि वर कागदी रुमाल दाबायचा, तो बरंच पाणी पितो.

रबराचं दुसरं कारण मटणाची सवय. बोकडाच्या मांसात चिवट धागे भरपूर असतात. ते मऊ व्हायला मंद आच आणि वेळ लागतो, म्हणून तुमचा मटण खिमा तासाभराने लोण्यासारखा होतो. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिच्या मांसात विरघळायला फारसं काही नसतंच, त्यामुळे शिजल्यानंतरचं प्रत्येक मिनिट ते फक्त कोरडं करतं. कच्चं राहील ही भीती मात्र योग्य आहे. खिमा दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून तो पूर्ण शिजायलाच हवा, ७४ अंश सेल्सिअसपर्यंत. पण कण बारीक असल्यामुळे मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटांत तो तिथे पोचतो. गुलाबी रंग कुठेही दिसता कामा नये. एखादा मोठा गोळा राहिलाच तर उलथन्याने फोडून आत बघायचं.

आता साय. तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला हे वाटलं की साय 'तुपासाठी डब्यात जमवलेली' होती. आपल्या सगळ्यांच्या फ्रीजमध्ये तो डबा असतो. चार दिवसांत ती साय आंबटसर होते, काही घरांत तर तिला विरजणही लावलेलं असतं. दूध जितकं आंबट तितकं ते आचेवर लवकर फुटतं. त्यात टोमॅटोचा आंबटपणा आणि खळखळ उकळी, मग साय टिकणार कशी? मी मूळ कृतीत टोमॅटो घातला नव्हता तो याचसाठी, पण का घातला नाही ते लिहिलं नाही.

यावरचा उपाय तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे. कढी करताना ताकाला आपण बेसन लावतो, ते दाटपणासाठी तर असतंच, पण ताक फुटू नये म्हणूनही असतं. इथेही तेच करायचं. आदल्या रात्रीच्या दुधाची ताजी साय पाच मोठे चमचे, त्यात अर्धा छोटा चमचा तांदळाची पिठी आणि पाव वाटी दूध, चांगलं घोटून घ्यायचं. कढईतला दोन चमचे गरम खिमा आधी त्या वाटीत मिसळायचा, मग वाटी कढईत ओतायची. आच अगदी मंद, दोन मिनिटं ढवळायचं आणि बंद. माझी आत्या मालवणची, ती नारळाचं पहिलं दाट दूध असंच शेवटी घालते आणि नंतर रश्शाला उकळी येऊ देत नाही. साय नसेल तेव्हा मीही या खिम्यात नारळाचं दूध घालते, तेव्हा वरून मिरपूड थोडी जास्त. दहा-बारा काजू भिजवून वाटून घातले तर फाटण्याची भीती जवळजवळ राहतच नाही. पाकिटातलं फ्रेश क्रीमही चालतं.

टोमॅटो हवाच असेल तर एकच, कांद्याबरोबर तेल सुटेपर्यंत परतलेला. त्या दिवशी सायीऐवजी काजू वापरा.

भाज्यांच्या बाबतीत मात्र मी माझं म्हणणं सोडणार नाही, काकू. गेल्या वर्षी बाबांचे उरलेले दातही काढावे लागले. कवळी बसली, पण तिने मटणाचा तुकडा चावता येत नाही, काकडीसुद्धा नाही. दोन महिने ते वरण-भात कालवून खात होते आणि ताटावरून लवकर उठत होते. हा खिमा मी त्यांच्यासाठी करायला लागले. मांस मऊ, भाज्या त्याच्याच आकाराच्या, साय सगळ्याला धरून ठेवते, घास कोरडा लागत नाही. पहिल्यांदा केला त्या रात्री त्यांनी अर्धा पाव जास्त मागून घेतला. माझी मुलगी गाजर वेगळं दिलं तर ताटाच्या कडेला सारते, यात खाते. आणि मटार चालतो, बटाटा घातलेला खिमा कितीतरी घरांत होतो, तर गाजर-फरसबीला दारात का अडवायचं? खिमा या शब्दाचा अर्थ बारीक केलेलं मांस एवढाच आहे. तो तुर्की-फारसीतून आपल्याकडे आला, आणि कुठल्या प्राण्याचं मांस ते त्या शब्दात सांगितलेलं नाही.

भाज्या घालण्याची पद्धत मात्र पाळावी लागते. गाजर किसायचं नाही, पाणी सुटतं. मटाराएवढे चौकोनी तुकडे करायचे. फरसबी तितकीच बारीक. मटार फ्रीजरमधला असेल तर पाण्यात न भिजवता तसाच. ढोबळी मिरची शेवटच्या तीन मिनिटांत, तिचा कुरकुरीतपणा जायला नको (बाबांना वाढायचं असेल तेव्हा तीही गाजराबरोबर घालते). पालक धुऊन फडक्यावर कोरडा करायचा, बारीक चिरायचा आणि सायीच्या आधी घालून त्याचं पाणी पूर्ण आटू द्यायचं. मशरूम मी यात घालत नाही, ते फार पाणी सोडतात.

आता वेळ. तुम्ही म्हणता ते खरं आहे, ३० मिनिटं हा आकडा चुकीचा होता. चिरण्याची दहा मिनिटं मी धरलीच नव्हती. आता कृतीत ४० लिहिलं आहे. मी डोंबिवलीला आठच्या सुमाराला घरात येते. हातपाय धुऊन कांदे, गाजर, फरसबी चिरते. पसरट कढई मोठ्या आचेवर चांगली तापली की दोन मोठे चमचे तेल, आणि आधी खिमाच, कांदा नाही. खिमा पसरून दोन मिनिटं अजिबात हलवत नाही. हे जड जातं, हात आपोआप उलथन्याकडे जातो. खालची बाजू तांबूस झाली की फोडत फोडत परतायचा, पाच-सहा मिनिटं, आणि ताटलीत काढून ठेवायचा. त्याच कढईत पुन्हा चमचाभर तेल, दोन कांदे, आलं-लसूण, दोन हिरव्या मिरच्या. तळाला चिकटलेला तांबूस थर कांद्याच्या ओलाव्याने सुटतो, सगळी चव त्यातच आहे. मग हळद, एक चमचा लाल तिखट, एक चमचा धने-जिरे पूड, गाजर, फरसबी, मटार आणि पाव वाटी गरम पाणी. झाकण फक्त इथे, पाच मिनिटं. खिमा परत कढईत, आता मीठ, थोडा गरम मसाला, पालक. पाणी आटून कडेने तेल दिसलं की साय. हातावर चुरडलेली कसुरी मेथी. पाव नसले तर सकाळच्या भाकरीबरोबरही छान लागतो.

कढई रुंद हवी, हे महत्त्वाचं. ५०० ग्रॅम खिमा खोल, अरुंद पातेल्यात एकावर एक बसतो, वाफ बाहेर जात नाही आणि परत उकडण्यावर येतो. जास्त माणसं असतील तर दोनदा परतून घ्या.

पिठलं आमच्याकडे आठवड्यातून एकदा होतंच आणि ते तसंच राहील. बुधवारी खिमा, गुरुवारी पिठलं.

उरलेला अर्धा खिमा तुम्ही डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकलाय आणि 'फेकवत नाही, पण खाववतही नाही' असं लिहिलंत. तो फेकू नका. रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सकाळी रुंद कढईत तेल न घालता मोठ्या आचेवर परता. फाटलेल्या सायीचं तूप सुटेल, तेवढं पुरतं. चांगला वाफाळला आणि कोरडा झाला की थंड करून मिक्सरला एकदाच फिरवा, गोळे फुटतील. दोन उकडलेले बटाटे गार झाल्यावर किसून त्यात घाला, कोथिंबीर, लिंबाचा रस, लागलं तर मीठ. चपटे पॅटिस करून बारीक रव्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून लाल करा. काल माझ्या फसलेल्या खिम्याचे असे अकरा पॅटिस झाले आणि बाबांनी तीन खाल्ले. थापताना मिश्रण हाताला चिकटलं तर पाणी लावू नका, तेलाचं बोट लावा.