भरलेली पाण्याची बाटली

गेल्या वर्षी माझा मुलगा पाचवीत होता. शाळेतून आला की दप्तर दारातच टाकायचा आणि थेट बाथरूमकडे पळायचा. डब्याबरोबर पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत यायची आणि मी रोज त्यावरून त्याला ओरडायचे. या दोन गोष्टींचा संबंध लावला तो माझ्या सासूबाईंनी. "अगं, तो शाळेत लघवीलाच जात नाही, म्हणून पाणी पीत नाही. का ते विचार तरी."

विचारलं. "काही नाही." समोर बसवून विचारलं की हेच उत्तर येतं. आठेक दिवसांनी स्कूटरवर मागे बसलेला असताना तो आपणहून बोलला. मधल्या सुट्टीत सातवीतली तीन मुलं बाथरूमचं दार बाहेरून धरून ठेवायची, घंटा होईपर्यंत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हे चाललं होतं! मी गाडी बाजूला घेतली, कारण पुढचं दिसेना.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलांची मस्ती असते हो." घरातूनही सल्ला आला, "त्यालाही सांग, एक ठेवून दे." मला दोन्ही पटत नाही. नॉर्वेत डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच विषयावर, म्हणजे शाळेत मुलंच मुलांचा जो छळ करतात त्यावर, काम केलं. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि ज्याला त्रास होतो त्याचं समोरच्यापुढे बळ कमी पडतं. दोन मित्र भांडतात आणि संध्याकाळी परत खेळतात, ते वेगळं. दहा वर्षांच्या एकट्या मुलाने त्या तिघांना कसं 'ठेवून' द्यायचं?

म्हणून कळकळीने सांगते, अंगावरचे वळ शोधत बसू नका. रविवारी रात्री पोट दुखतं का, पेन-पट्ट्या सारख्या हरवतात का, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं विचारल्यावर मूल गप्प होतं का, ते बघा. मोबाईल वाजला की दचकतं का, तेही. आणि कळलं की त्या मुलांच्या घरी भांडायला जाऊ नका. तारीख, जागा, कोण होतं, हे लिहून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं विरून जातं, हे मी अनुभवलंय. शाळा दाद देत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं.

आमच्या अर्जानंतर मधल्या सुट्टीत बाथरूमपाशी एक मावशी उभ्या राहू लागल्या. मुलगा आता सहावीत आहे. बाटली अर्धी तरी रिकामी येते. घरी आल्यावर मात्र तो अजूनही आधी बाथरूमकडेच पळतो.