वाइड लेन्सलाही फोकस लागतो

सातारा-सांगलीच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. रेंजफाइंडरवर (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून अंतर जुळवायचा कॅमेरा) वाइड लेन्स लावली की फोकस करायची गरजच नाही, रिंग अनंतावर ठेवून द्या; जितकी वाइड तितकी चांगली; अ‍ॅडॉप्टर रिंगने कुठलीही जुनी लेन्स बसते; आणि कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे या लेन्स लहान असूनही सरस. सांगलीच्या भाच्याने हे वाचून ३५ मिमीची लेन्स रद्द करून त्याहून वाइड १५ मिमीची शोधायला घेतली, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक फोकसचा मुद्दा, कारण रोल वाया जातो तो इथेच. हळदीच्या अडतीत उजेड कमी, म्हणून ३५ मिमी लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) एफ २ इतकं मोठं उघडलंत आणि पोत्याशी बसलेला माणूस २ मीटरवर आहे. स्पष्ट येणार १.८ ते २.२ मीटर, म्हणजे जेमतेम ४० सेंटिमीटर. रिंग अनंतावर असेल तर २० मीटरच्या अलीकडचं सगळं मऊ. चेहरा गेला, पोतं गेलं, मागची भिंतही गेली.

उन्हातसुद्धा अनंत चुकीचंच. २८ मिमी, एफ ८: अनंतावर ठेवलीत तर ३.३ मीटरपासून पुढे स्पष्ट. तीच रिंग ३.३ वर आणलीत तर १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत. पटत नसेल तर लेन्सवर कोरलेली डेप्थ स्केल (कुठल्या अ‍ॅपर्चरला कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या रेघा) बघा, ती कंपनीनेच दिलीय. अनंताचं चिन्ह मधल्या रेघेसमोर नको, ८ च्या रेघेसमोर आणा. ही स्केल लहान प्रिंटच्या हिशोबाने आखलेली असते. मोठी प्रिंट काढायची असेल तर अ‍ॅपर्चर ८ ठेवून ५.६ च्या रेघा वाचा.

फोक्टलेंडर कंपनीची पहिली १५ मिमी लेन्स कॅमेऱ्याच्या अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेला जोडलेलीच नव्हती, अंतर अंदाजाने लावावं लागायचं. गैरसमज बहुधा तिथून आला. पण अंदाजाने लावायचं म्हणजे लावायचंच नाही, असं नव्हे.

जितकी वाइड तितकी चांगली? लायका एम६ या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फाइंडरमध्ये (बघायच्या खिडकीत) २८ पर्यंतच चौकटी आहेत. २१ किंवा १५ ला कॅमेऱ्याच्या वरच्या खाचेत (शूमध्ये) वेगळा फाइंडर लागतो, आणि तो लेन्सपेक्षा उंचावर असल्याने जवळची चौकट चुकते. शिवाय बहुतेक रेंजफाइंडर लेन्स ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. कासच्या फुलाला चिकटून फोटो काढायचं विसरा.

अ‍ॅडॉप्टरचं: लायका एम बॉडीसाठीची १ मिमी जाडीची रिंग फक्त एम३९ च्या (३९ मिमी व्यासाच्या) आट्यांच्या लेन्ससाठी. ज्युपिटर-१२ ही जुनी सोव्हिएत लेन्स कीव्ह कॅमेऱ्याच्या माउंटची (जोडणीची) असेल तर तिच्यावर बसणार नाही. आट्यांची ज्युपिटर-१२ बसते, पण तिची मागची काच बॉडीत खोल शिरते. लायका एम५ आणि फिल्मच्या सीएल कॅमेऱ्यात तिथेच प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा हलणारा दांडा आहे. त्या बॉडीवर ती लावूच नका.

आरशाचं मात्र अर्धं खरं, मान्य. आरसा नसला की काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते, म्हणून लेन्स लहान राहते आणि रेषाही सरळ येतात. पण त्याच जवळिकीमुळे प्रकाश डिजिटल सेन्सरच्या कडांवर फार तिरपा पडतो आणि कडा जांभळट होतात. फोक्टलेंडरला १५ ची तिसरी आवृत्ती त्यासाठीच नव्याने आखावी लागली. डिजिटल बॉडी असेल आणि १५ च हवी असेल, तर ती तिसरीच घ्या.